टाकीच्या तळाचं पाणी

ट्रॅक्टर पुन्हा बंद पडला तो नेमका कुशलच्या डोळ्यांदेखत. आधी इंजिनाचा आवाज बसला, मग त्याने दोन गचके खाल्ले आणि गप्प झाला. नांगर मातीत अर्धा रुतलेला आणि मी वर स्टिअरिंग धरून बसलेली. कुशल बांधावर कमरेवर हात ठेवून उभा होता. तो हसला असता तर बरं झालं असतं, निदान खाली उतरून भांडता तरी आलं असतं. पण तो हसला नाही. शांतपणे म्हणाला, "वयनी, आता बास करा. रविवारी दादा घरी हाय. तेव्हा त्याच्यासमोर चावी मला द्या. ओल निघून चाललीय."

कुशल माझा चुलतदीर. ट्रॅक्टर आमच्या दोन घरांचा मिळून एक आहे, आणि आजवर तो माझा नवरा धीरज चालवायचा. गणपतीनंतर धीरज तारापूरच्या कारखान्यात कायम झाला, शिफ्ट लागली, आणि ट्रॅक्टर खळ्यात उभा राहिला. कुशलला त्याच्या टेम्पोतून वेळ नव्हता. बाहेरचा ड्रायव्हर ठेवायची गोष्ट निघाली तेव्हा मी म्हटलं, मी चालवते. माहेरी घिवलीला वडिलांच्या ट्रॅक्टरवरच मी शिकले होते, लायसनही होतं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पण नाही कोणी म्हटलं नाही. दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या हातात आला.

वाल पेरायचा होता. भात कापून झालं की जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच आमच्या उमरोळीत वाल येतो. ओल गेली की जमिनीचा दगड होतो, मग नांगर घाला नाहीतर डोकं आपटा. पण खरं सांगायचं तर मला वालाची तेवढी काळजी नव्हती. कुशलने नांगरलं असतं तरी वाल आलाच असता. मला ती सीट हवी होती. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी कुंभवलीजवळच्या एका कारखान्यात बाटल्यांवर लेबलं चिकटवली. उभ्याने काम, मान खाली, शेजारणीशी बोललं तरी सुपरवायझरचे डोळे. ट्रॅक्टरवर बसले तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण जिकडे नेऊ तिकडे काहीतरी जातंय. ते सोडून मी पुन्हा लेबलं चिकटवायला जाणार नव्हते.

बोईसरला झुंबर मिस्त्रीचं गॅरेज आहे. तो नगरकडचा, बायकामुलांसह इकडे आला आणि इथलाच झाला. मी त्याला फोन करून सगळं सांगितलं. उभा असताना चालतो, रस्त्याने चालतो, नांगर लावून ओढायला लागला की मरतो. फिल्टरमधली हवा काढली की पुन्हा थोडा वेळ नीट.

"ताई, इंजिनाला हात लावू नका," तो म्हणाला. "आदी डिझेल बघा. टाकीच्या बुडातनं काढा, काचंच्या बरणीत घ्या आन् घटकाभर हालवू नका. तळाला काय बसतंय ते सांगा मला."

"तुम्ही येऊन बघा ना."

"साडूच्या पोरीचं लगीन हाय, गावाकडं निघालोय. आल्यावर बघतो."

तो येईपर्यंत रविवार उलटून गेला असता. मग मीच बसले. सासूबाईंच्या लोणच्याच्या दोन बरण्या घासल्या, पुसल्या, उन्हात कडक वाळवल्या. सासूबाई, म्हणजे रखमाबाई, ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "आता डिझेलचा लोनचा घालते का काय?" एका बरणीत मी कॅनमधलं डिझेल घेतलं, पंपावरून आणलेलं. दुसऱ्या बरणीत टाकीच्या तळाचा बोल्ट ढिला करून खालचं काढलं. दोन्ही ओटीवर ठेवल्या आणि भाकऱ्या करून आले.

कॅनचं डिझेल आरपार दिसत होतं. त्यातून पलीकडची वीट मोजता आली असती. टाकीच्या बरणीत मात्र दोन थर पडले होते. वर डिझेल, खाली दोन बोटं गढूळ पाणी, आणि दोघांच्या मध्ये एक बुळबुळीत तपकिरी पापुद्रा. काडीने उचलला तर लोंबला. डिझेलच्या वासात आणखी कसलातरी आंबट वास होता, पण डिझेलपुढे दुसऱ्या वासाला कोण विचारतं. मला रागही आला आणि आनंदही झाला. राग पाण्याचा, आणि आनंद याचा, की दोष माझ्या हाताचा नव्हता.

संध्याकाळी बरणी कुशलला दाखवली. तो म्हणाला, "वयनी, पानी सगल्यांच्याच टाकीत थोडाबहुत असतो. दादा चालवायचा तेव्हा नाय कधी बंद पडला." आणि जाता जाता पुटपुटला, नाचता येईना अंगण वाकडं. त्याला वाटलं मला ऐकू गेलं नाही.

मी ठरवलं की पाणी कुठून येतं ते शोधायचंच. झुंबरने फोनवर सांगितलं की टाकी अर्धी ठेवली तर रात्रीच्या गारव्याने आत दव धरतं, म्हणून काम झालं की संध्याकाळीच टाकी भरून ठेवायची. ठेवली. आमचा कॅन भंगारवाल्याकडून घेतलेला, कुठल्यातरी कारखान्यातून आलेला निळा. आमच्या भागात अर्ध्या गावाचं पाणी आणि डिझेल अशाच कॅनांत असतं. तो बाजूला टाकून नवा आणला. फिल्टरखाली काचेची वाटी असते, तिच्यात पाणी आधी दिसतं. ती रोज सकाळी उघडून पुसायला लागले. टाकीच्या तळाचा बोल्ट सोडून सगळं पाणी काढून टाकलं. झाकणाचं रबर चिरलं होतं, ते बदललं. एवढं झाल्यावर एक दिवस ट्रॅक्टर इतका सुरेख चालला की मी गाणं म्हटलं. मला गाणं येत नाही.

दोन दिवसांनी वाटीत पुन्हा पाणी होतं.

आता पाऊस नाही, दव नाही, कॅन नवा, पंप तोच जिथून अख्खं गाव डिझेल आणतं. म्हणजे पाणी आपोआप येत नव्हतं. कोणीतरी घालत होतं. आणि मी बंद पडले तर चावी कोणाला मिळणार होती?

धीरज सेकंड शिफ्टला निघाला होता. त्याला म्हटलं, "तुझ्या भावाचे उद्योग आहेत हे."

तो डबा भरता भरता थांबला. "कुशल असा नाय करनार."

"का? आपला तो बाब्या?"

"तो तोंडावर बोलेल, भांडेल. पन यंत्राला नाय हात लावनार. त्याच्या टेम्पोला तो स्वतःपेक्षा जास्त जपतो."

"मग कोण? भूत?"

धीरजची बस जात होती. मी त्याच दुपारी बोईसरला गेले आणि टाकीचं कुलपाचं झाकण घेऊन आले. बसवलं, फिरवून पाहिलं, किल्ली मंगळसूत्राला अडकवली. म्हटलं, ये आता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हशीचं दूध काढून अंगणात आले तर आबा ट्रॅक्टरपाशी उभे होते. आबा म्हणजे माझे सासरे, नरहरी. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध, एका हातात फोडलेला नारळ आणि दुसऱ्या हातात तांब्या. त्यांनी झाकण दोनदा फिरवून पाहिलं. मग मला बघून अगदी साधेपणाने म्हणाले, "गो हेमांगी, ह्याची चावी दे जरा."

"कशाला, आबा?"

"पानी घालायचा हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कुठे घालायचंय?"

"टाकीत. नारलाचा. रोज घालतो ना." आणि माझा चेहरा बघून त्यांनीच समजावून सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं. बैल होते तेव्हा नांगराचं पहिलं तास, म्हणजे पहिली ओळ, धरायच्या आधी बैलांना नारळाचं पाणी पाजायचे. बैलांनी एक घोट घेतल्याशिवाय त्यांच्या वडिलांनी कधी जू ठेवलं नाही. बैल गेले, ट्रॅक्टर आला. त्याला तोंड एकच, टाकीचं. म्हणून दसऱ्याला घोटभर त्याच्यात.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. आमच्या घरात रोज नारळ फुटतो, रोज वाटणाला खोबरं लागतं. फुटलेल्या नारळाचं पाणी कुठे गेलं हे कोणी विचारत नाही. मी म्हशीकडे असायची तेव्हा आबा आपलं काम उरकायचे. लपून नाही, चोरून नाही, देवाला फूल वाहावं तसं. मी पंपावर संशय घेतला, कॅन फेकला, दिराला चोर ठरवलं, आणि करणारा माणूस माझ्यासमोर तांब्या घेऊन किल्ली मागत होता. हसावं की रडावं ते कळेना. मग एक गोष्ट डोक्यात आली आणि हसू पार गेलं.

"आबा, दसऱ्याला घोटभर म्हणालात. मग रोज का?"

त्यांनी नारळ मडगार्डवर ठेवला.

"धीरज चालवायचा तेव्हा रोज घालायचात?"

"नाय," ते म्हणाले. "तो पुरुषमानूस. त्याला..." आणि थांबले. मग हळू आवाजात, "तुला काय होऊ नये म्हनून, पोरी. बंद पडाया लागला तेव्हापासून अख्ख्या नारलाचा घालतो."

म्हणजे बंद पडत होता म्हणून घालत होते आणि घालत होते म्हणून बंद पडत होता. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. सगळं गाव बोललं, कुशल बोलला, ते मी उडवून लावलं होतं. पण हे माझं म्हातारं माणूस, जे मला कधी वाकडा शब्द बोललं नाही, तेही रोज सकाळी हेच म्हणत होतं की हिच्याच्याने व्हायचं नाही, हिला देवाचा टेकू लागेल. फक्त ते नारळ फोडून म्हणत होतं. मला इतकं लागलं की मी आवाज चढवला. सासऱ्यांपुढे पहिल्यांदाच.

"तुमच्या या पाण्यानेच मरतोय तो. आणि त्याच्याबरोबर मी."

"नारलाच्या पान्यानं कोनाचा कधी वाईट झाला नाय."

"माणसाचं नसेल झालं."

मी आतून बरणी आणली. त्यात स्वच्छ डिझेल ओतलं, आणि त्यांच्या तांब्यातलं पाणी त्यांच्यासमोर वरून सोडलं. पाणी डिझेलमधून सरळ खाली गेलं आणि तळाला जाऊन बसलं. मी बरणी हलवली, ठेवली. ते पुन्हा खाली जाऊन बसलं. "टाकीचा नळ तळालाच आहे, आबा. इंजिन पहिल्यांदा हेच पितं. आणि यात साखर असते. ती टाकीत सडते." टाकीतला तो तपकिरी पापुद्राही मी काडीवर घेऊन त्यांच्यापुढे धरला. "हा तुमचा घोट."

त्यांनी काडीचा वास घेतला. आंबलेल्या शहाळ्याचा वास नारळाच्या वाडीत म्हातारा झालेल्या माणसाला ओळखू न येता कसा राहील? तांब्या त्यांनी तुळशीत ओतला आणि वाडीत निघून गेले. दुपारी जेवायला आले नाहीत. सासूबाईंनी मला विचारलं, काय झालं गो. मी सांगितलं नाही. माझा रागही उतरला नव्हता आणि लाजही वाटायला लागली होती, आणि या दोन्हीत काम कुठलंच होत नाही. म्हणून मी पाने घेतले आणि टाकी उतरवायला बसले.

बॉनेट काढलं, नळी सोडली, डिझेल पिंपात काढलं. पट्टे सोडवले आणि शनिवारी धीरज झोपून उठल्यावर आम्ही दोघांनी टाकी उचलून खळ्यात ठेवली. टॉर्च मारून आत पाहिलं तर तळाला बुळबुळीत थर आणि कोपऱ्यांत गंजाचे पापुद्रे. धीरज म्हणाला, "साबनाच्या पान्यानं धुऊ." मी म्हटलं, आणखी एक थेंब पाणी या टाकीत गेलं तर मी घर सोडून जाईन. चांगलं डिझेल ओतायचं, झाकण लावून टाकी आडवीतिडवी हलवायची, उपसायचं. काठीला जुन्या धोतराचं फडकं बांधून कोपरे खरवडायचे. पुन्हा डिझेल, पुन्हा उपसा. बाहेर येणारं डिझेल आधी चहासारखं येत होतं, मग फिकट होत गेलं, मग बरणीत धरलं तर आरपार दिसलं. टाकी तोंड खाली करून उन्हात ठेवली. दोन्ही फिल्टर नवे घातले.

"पन पानी घालत कोन होता?" धीरजने विचारलं.

"आता कोणी घालत नाही," मी म्हटलं.

तो पिंप उचलायला वाकला. लग्नाला इतकी वर्षं झाली की कधी पुढे विचारायचं नाही हे त्याला कळतं.

मी मनाशी पक्कं केलं होतं. आबांचं नाव घ्यायचं नाही. गावात ज्याच्या हातून पहिलं तास धरून घेतात त्या माणसाला मी हसण्याचा विषय करणार नव्हते. आणि चावीही द्यायची नाही. मोठं शेत नांगरून दाखवायचं, बाकी ज्याला जे बोलायचं ते बोलू दे.

रविवारी सकाळी सगळे शेतावर जमले. कुशल, धीरज, सासूबाई, शेजारच्या बांधावरचे दोघंतिघं. आबाही आले होते, पण लांब, चिंचेखाली. मी फिल्टरजवळच्या छोट्या हातपंपाने डिझेलच्या नळीतली हवा काढत होते. स्क्रूपाशी आधी फेस आला, मग बुडबुडे, मग डिझेलची सरळ धार. स्क्रू आवळला, हात पुसले.

"टाकी धुतली म्हनतात," कुशल म्हणाला. "बरा केला. पन पानी गेला कसा त्याच्यात? झाकन उघडा ठेवला असंल, नायतर पावसाच्या पान्याचा कॅन वापरला असंल. तुमच्या हातात असतानाच गेला ना, वयनी? म्हनजे उद्या परत जाईल. चावी द्या."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. एका वाक्यात सगळं संपलं असतं. मी धीरजकडे पाहिलं, तो मातीकडे बघत होता. मी म्हटलं, "परत जाणार नाही. माझी जबाबदारी. पण चावी मी देत नाही. बंद पडला तर इथेच, याच शेतात, सगळ्यांसमोर तुझ्या हातात ठेवीन."

"असा कसा? पानी गेला कसा ते तरी सांगा."

"नाही सांगत."

"बघा," कुशल शेजाऱ्यांकडे वळून म्हणाला. "ह्याला काय म्हनायचा?"

"पानी मी घातला."

आबा चिंचेखालून कधी उठून आले ते कोणाला दिसलं नव्हतं. ते कुशलसमोर येऊन उभे राहिले. "रोज घातला. नारलाचा. दसऱ्यापासून. तिच्या हातून नीट व्हावा म्हनून घातला, आनि माझ्यामुलंच होत नव्हता. तिनं शोधून काढला. मला दाखवला बरनीत." शेजारच्या बांधावर कोणीतरी तोंडाला हात लावला. आबांनी ते पाहिलं आणि तरी पुढे बोलले. "हसा. हसन्यासारखाच हाय. पन चावीचा विषय आता नाय काढायचा."

कोणी हसलं नाही. कुशलचं तोंड उघडंच राहिलं. मी पटकन ट्रॅक्टरवर चढून बसले, कारण तिथे उभी राहिले असते तर रडले असते.

ट्रॅक्टर एका हाकेत सुरू झाला. नांगर टाकला. आवाज किंचित दबला, मग पुन्हा भरला आणि जमीन उलटायला लागली, आतून काळी, ओली. पहिलं तास शेताच्या टोकापर्यंत गेलं. वळले, दुसरं धरलं. इंजिन एकदाही अडखळलं नाही. पण माझं लक्ष इंजिनाकडेच होतं, कान टाकीला लावल्यासारखे, आणि चाक कुठे चाललंय याचं भान नव्हतं.

"ए हेमांगी! डोले कुठं हायत तुजे?"

आबा बांधाच्या कडेने माझ्याबरोबर चालत होते, धोतर एका हाताने वर धरून. "तास बघ कसा गेला, सापासारखा! असा नांगरतात? सोड तो तास, परत धर! इंजिन काय बघते, पुढं बघ!" धीरजला ते असेच ओरडायचे, कुशललाही. सगळ्या शेताला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, लाज न ठेवता. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. शेजारी ऐकत होते.

मी नांगर उचलला, ट्रॅक्टर मागे घेतला, आणि तास पुन्हा सरळ धरलं.